विश्लेषण : मते मुबलक, चित्रपट मोजक्यांनाच… महोत्सवांचा ऑनलाइन पडदा पुन्हा उघडायला हवा का?

एखादा मराठी चित्रपट परदेशात गाजतो, त्यावर मतांचा पाऊस पडतो. पण मराठी प्रेक्षकाला तो महिनोनमहिने पाहायलाच मिळत नाही. करोनाकाळात ऑनलाइन महोत्सवांनी ही दरी थोडी बुजवली होती. चित्रपटगृहे उघडली आणि ती पुन्हा रुंदावली. चित्रपटाविषयी बोलण्याची मुभा आज प्रत्येकाच्या खिशात आहे. पाहण्याची संधी मात्र शहर, पैसा आणि रजा यांवर ठरते. खरा प्रश्न इथे आहे.

‘साबर बोंडं’ आधी कोणाला पाहता आला?

रोहन कानवडे दिग्दर्शित ‘साबर बोंडं’ला अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात जानेवारी २०२५मध्ये जागतिक कथापट विभागातील सर्वोच्च परीक्षक पुरस्कार मिळाला. वडिलांच्या निधनानंतर दहा दिवसांच्या दुखवट्यासाठी मुंबईहून गावी आलेला तरुण आणि त्याला तिथे भेटलेला जुना मित्र यांची ही गोष्ट. माती, भाषा, माणसे सगळी इथली. सनडान्सच्या शेवटच्या चार दिवसांत, ३० जानेवारी ते २ फेब्रुवारी, स्पर्धेतील चित्रपट ऑनलाइन पाहण्याची सोय होती. पण ती फक्त अमेरिकेतील प्रेक्षकांसाठी. म्हणजे न्यूजर्सीतल्या मराठी कुटुंबाला तिकीट काढून तो घरी पाहणे शक्य होते. नगर किंवा नांदेडच्या चित्रपटप्रेमींना नव्हते. भारतात तो प्रदर्शित झाला १९ सप्टेंबरला. मधल्या साडेसात महिन्यांत चित्रपटाचे कौतुक झाले, विषयावर वाद झाले, ‘असे चित्रपट बाहेर आपली काय प्रतिमा उभी करतात’ असे प्रश्नही निघाले. त्यातली बहुतेक चर्चा झलक आणि बातम्यांवरच बेतलेली होती.

हे पहिल्यांदा घडले नव्हते. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ला सप्टेंबर २०२०मध्ये व्हेनिस महोत्सवात सर्वोत्तम पटकथेचा पुरस्कार मिळाला. सर्वसामान्य प्रेक्षकाला तो नेटफ्लिक्सवर दिसला ३० एप्रिल २०२१ रोजी. तोवर तो ‘थोर’ की ‘संथ’, याचे निकाल अनेकांनी न पाहताच देऊन टाकले होते.

ऑनलाइन महोत्सव सुरू कसे झाले?

२०२० साली टाळेबंदीमुळे. २९ मे ते ७ जून २०२० या काळात जगभरातील वीसहून अधिक महोत्सवांनी एकत्र येऊन ‘वी आर वन’ हा विनामूल्य महोत्सव यूट्यूबवर भरवला. मुंबईचा ‘मामि’ त्यात होता. प्रतीक वत्स यांचा ‘ईब आले ऊ!’ हा दिल्लीतील सरकारी इमारतींवरून माकडे हाकलणाऱ्या कंत्राटी कामगाराची कथा सांगणारा चित्रपट त्यात दाखवला गेला. एरवी महोत्सवाचा पास असलेल्यांनाच असा चित्रपट दिसला असता. तो त्या दिवशी गावाकडे अडकलेल्या विद्यार्थ्यालाही मोबाइलवर पाहता आला. त्याच वर्षी धरमशाला महोत्सव ऑनलाइन झाला. गोव्याचा ५१वा ‘इफ्फी’ १६ ते २४ जानेवारी २०२१ दरम्यान प्रत्यक्ष आणि ऑनलाइन अशा दोन्ही पद्धतींनी पार पडला.

त्यामुळे चर्चेचा पोतही बदलला. दोन दिवसांत एकच चित्रपट वेगवेगळ्या गावांतल्या माणसांनी पाहिलेला असे. एकाला शेवट पटला नाही तर दुसरा त्याच प्रसंगाकडे बोट दाखवून आपले म्हणणे मांडू शके. मत खोडून काढायचे तर समोरच्यानेही चित्रपट पाहिलेला असावा लागतो. ती अट तेव्हा पूर्ण होत होती.

हे प्रदर्शन चालते कसे?

ओटीटीवरचा चित्रपट आणि महोत्सवाचा ऑनलाइन खेळ यांत फरक आहे. महोत्सवात निर्माता चित्रपट ठरावीक दिवसांपुरताच देतो. तिकिटांची संख्या मर्यादित ठेवता येते. ‘हाउसफुल्ल’ची पाटी इथेही लागू शकते. एकदा खेळ सुरू केला की ठरावीक तासांत तो संपवावा लागतो. प्रेक्षक कोणत्या देशातून पाहतो आहे हे तपासून इतरांना प्रवेश नाकारता येतो. चित्रफीत कुलूपबंद असते आणि पडद्यावर प्रेक्षकाची ओळख पटवणारी खूणही उमटवता येते, म्हणजे चोरी झालीच तर माग काढता येतो.

मग महोत्सवांनी हात आखडता का घेतला?

पहिले कारण चोरीचे. २०२५च्या सनडान्समध्येच ‘ट्विनलेस’ आणि ‘सेलेना इ लोस दिनोस’ या चित्रपटांतील दृश्ये समाजमाध्यमांवर फुटली आणि दोन्ही चित्रपट ऑनलाइन विभागातून काढून घ्यावे लागले. तिकीट काढून पाहणाऱ्या काही जणांच्या उतावळेपणाची शिक्षा बाकीच्या प्रामाणिक प्रेक्षकांना भोगावी लागली.

दुसरे कारण व्यवहाराचे. मोठ्या महोत्सवांना चित्रपटाचा पहिला खेळ आपल्याकडेच हवा असतो. वितरकालाही हक्क विकत घेण्यापूर्वी चित्रपट फार डोळ्यांखालून गेलेला नको असतो. तिसरे कारण तत्त्वाचे. चित्रपट अंधाऱ्या सभागृहात, अनोळखी माणसांसोबत पाहायचा असतो, असे मानणारे अनेक आहेत. कान महोत्सवाने २०२०मध्ये ऑनलाइन भरण्यास नकार दिला आणि निवडलेल्या ५६ चित्रपटांची फक्त यादी जाहीर केली.

हे तिन्ही आक्षेप खोटे नाहीत. सहा इंचांच्या पडद्यावर, मधेच फोन घेत पाहिलेला चित्रपट आणि सभागृहातला चित्रपट यांची बरोबरी होत नाही. पण तुलना करायची तर योग्य गोष्टींची करावी. जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्या प्रेक्षकापुढे ‘मोबाइल की सभागृह’ असा पर्याय नसतोच. ‘मोबाइल की काहीच नाही’ असा असतो. पणजी किंवा पुण्याला आठवडाभर राहण्याचा खर्च आणि रजा सगळ्यांच्या आवाक्यातली नाही. शिवाय प्रत्यक्ष महोत्सवांचाही भरवसा उरलेला नाही. ‘मामि’ २०२५मध्ये भरलाच नाही.

प्रेक्षकांच्या मताने खरेच फरक पडतो का?

मोठ्या चित्रपटाला कमी, छोट्याला फार. ‘साबर बोंडं’ प्रदर्शित झाला त्याच दिवशी ‘जॉली एलएलबी ३’ आला आणि आठवडाभर आधी आलेला ‘दशावतार’ गर्दी खेचत होता. अशा वेळी छोट्या चित्रपटाच्या वाट्याला खेळ थोडे आणि अडनिड्या वेळचे येतात. शनिवार-रविवारी गर्दी दिसली नाही तर सोमवारपासून तेही कमी होतात. जाहिरातीला पैसा नसलेल्या चित्रपटाला शेजाऱ्याने ‘जाऊन बघा’ म्हणणे हाच आधार. २०२३च्या जूनअखेरीस आलेल्या ‘बाईपण भारी देवा’ने या तोंडी प्रसिद्धीची ताकद दाखवून दिली, बायकांचे गटच्या गट ठरवून चित्रपटगृहात आले. पण ज्या चित्रपटाची चर्चा वर्षभर फक्त महोत्सवात गेलेल्यांपुरती राहते, त्याच्यासाठी प्रदर्शनाच्या दिवशी शब्द टाकणारे माणूस गावोगावी नसते.

मग मतांना लगाम घालावा का?

ही मागणी निर्मात्यांकडून अधूनमधून होते. पैसे घेऊन चित्रपट पाडण्याच्या तक्रारी केरळमध्ये २०२३ साली उच्च न्यायालयापर्यंत गेल्या. न्यायालयाने नेमलेल्या न्यायमित्रांनी प्रदर्शनानंतर पहिले ४८ तास परीक्षणे टाळावीत, असे सुचवले. तमिळ निर्मात्यांच्या संघटनेने पहिल्या तीन दिवसांतील परीक्षणांवर बंदी मागितली, तेव्हा मद्रास उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४मध्ये अभिव्यक्तिस्वातंत्र्याकडे बोट दाखवून तशी सरसकट बंदी घालण्यास नकार दिला. ते योग्यच झाले. तिकिटाचे पैसे घेताना प्रेक्षक हवा आणि त्याचे तोंड मात्र तीन दिवस बंद हवे, हा न्याय नव्हे. शिवाय अशी बंदी सर्वांत आधी छोट्या चित्रपटाला मारते; त्याचे आयुष्यच तीन-चार दिवसांचे असते.

उपाय वेगळा आहे. ‘रॉटन टोमॅटोज’ या अमेरिकी संकेतस्थळाने २०१९मध्ये प्रदर्शनापूर्वीच्या प्रेक्षक-प्रतिक्रिया बंद केल्या आणि तिकीट खरोखर काढलेल्यांची मते वेगळी दाखवायला सुरुवात केली. मत कोणीही द्यावे. पण ते चित्रपट पाहून दिले आहे की न पाहता, हे वाचणाऱ्याला कळायला हवे. ऑनलाइन महोत्सवात ही खात्री आपोआप होते, कारण तिकिटाची नोंद तिथेच असते.

प्रेक्षकाची काही जबाबदारी?

आहेच. या देशात ती शिकवली फिल्म सोसायट्यांनी. १९४७मध्ये कोलकात्यात सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आदींनी सोसायटी स्थापली. मुंबईत १९६८पासून प्रभात चित्र मंडळ उभे राहिले. चित्रपट पाहायचा आणि मग त्यावर बोलायचे, असा तिथला क्रम. आज तो उलटला आहे. आधी बाजू ठरते, मग जमल्यास चित्रपट. निदान तीन पथ्ये पाळणे अवघड नाही. चित्रपट पूर्ण पाहिला की अर्धा आणि कुठे पाहिला, हे सांगावे. ‘मला आवडला नाही’ आणि ‘वाईट आहे’ यांतला फरक राखावा. आणि पडद्याचे चित्रण करून पुढे ढकलू नये. हे शेवटचे पथ्य मोडले की ऑनलाइन खेळाचे दार सर्वांसाठीच बंद होते, हे सनडान्सने दाखवले आहे.

आता काय करता येईल?

‘इफ्फी’सारखे महोत्सव सार्वजनिक पैशातून होतात. तेव्हा त्यांचा लाभ यजमान शहरापुरता राहू नये. सगळा महोत्सव ऑनलाइन आणण्याची गरज नाही. प्रत्यक्ष खेळ संपल्यावर, निर्मात्यांच्या संमतीने, दहा-पंधरा भारतीय चित्रपट तीन दिवसांसाठी, मर्यादित तिकिटांत, फक्त देशातील प्रेक्षकांना दाखवता येतील. तिकिटाच्या रकमेतला वाटा निर्मात्याला मिळावा. त्याच दिवसांत जिल्ह्याच्या नाट्यगृहात किंवा महाविद्यालयाच्या सभागृहात खेळ ठेवला, तर एकत्र पाहण्याचा आनंदही हातचा जाणार नाही. असे झाले तर पुढच्या मराठी चित्रपटाला परदेशात पुरस्कार मिळेल तेव्हा जिल्ह्यातल्या प्रेक्षकाला ऐकीव मतांवर विसंबावे लागणार नाही. चित्रपट पाहून तो आपले मत स्वतः बनवील. मग ते मत कौतुकाचे असो वा टीकेचे, चित्रपट करणाऱ्यांनाही ते उपयोगी पडेल.