केसाची मुदत

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घ्यायला आलेला माणूस आधी दात पाहतो, मग भोवरे. कपाळावरचा भोवरा नेमका कुठे, मानेवरचा कुठे, यावर सौदा चढतो नाहीतर मोडतो. दत्तजयंतीच्या त्या गर्दीत तापीकाठी मी एक मारवाडी घोडी पाहत उभा होतो. शेपूट पार खुरांपर्यंत आलेलं. मालक बसून ते बोटांनी सोडवत होता, एकेक बट वेगळी करून. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "केसाला हद्द नसते. कापू नका, वाढतच जातो. माणसाचंही तेच." चारपाच माना डोलल्या.

हे विधान मी न्हाव्याच्या खुर्चीत ऐकलंय, लग्नघरी हळदीच्या आदल्या रात्री ऐकलंय, तेलाच्या जाहिरातीत तर रोजच ऐकतो. ते चूक आहे, आणि चूक असल्याचा पुरावा त्या दिवशी त्याच घोडीच्या पाठीवर पसरलेला होता.

शेपटीचा केस दोन हात लांब आणि पाठीचा बोटाच्या पेराएवढाही नाही. चारा तोच, पाणी तेच, खराराही तोच. पाठीवर कोणी कात्री चालवली नव्हती. तरी पाठीचा केस पेरावर थांबला तो थांबलाच. 'कापलं नाही तर वाढतच जातं' हे खरं असतं, तर त्या बाजारात घोडा आणि अस्वल यांत फरक करायला जाणकार बोलवावा लागला असता. घोड्याचं राहू द्या, स्वतःचं मनगट पाहा. तिथले केस आयुष्यात कोणी कापले नाहीत, विंचरले नाहीत, त्यांना माक्याचं तेलही कोणी चोळलं नाही. ते जिथे आहेत तिथेच आहेत. पापणीचा केस डोळ्यांवर पडदा होऊन लोंबत नाही. डोक्याच्या केसाला तेवढी सूट कोणी दिली?

सूट दिलेली नाही, मुदत जास्त दिलेली आहे. केस ज्या मुळातून उगवतो ते मूळ सतत काम करत नाही. काही काळ केस वाढवतं, दोनतीन आठवड्यांत काम आवरतं, सुमारे तीन महिने स्वस्थ बसतं, मग जुना केस सोडून नवा काढायला घेतं. डोक्यावर हा वाढीचा काळ साधारण दोन ते सात वर्षांचा असतो. भुवई-पापणीला काही आठवड्यांचा, फार तर काही महिन्यांचा. वेग म्हणाल तर महिन्याला सुमारे एक सेंटीमीटर, वर्षाला बारा ते पंधरा. आता गुणाकार करा. ज्या बाईच्या मुळांची मुदत तीन वर्षांची, तिची वेणी हात-सव्वा हातावर थांबणार. जिची सहा वर्षांची, ती कमरेखाली जाणार. एकीने जास्त तेल लावलं आणि दुसरीने आळस केला, हे या हिशेबात कुठेच येत नाही.

मूळ थांबतं ते कुणाच्या तरी सांगण्यावरून. सांगणाऱ्याचं नाव एफजीएफ-५, हे एक प्रथिन आहे. उंदरात त्याचा जनुक बिघडवला की उंदीर अंगोरा सशासारखा झुपकेदार होतो. कुत्र्यांच्या लांबकेसाळ जातींमध्येही बहुतेक वेळा हाच जनुक बदललेला सापडतो. २०१४ साली पाकिस्तानातल्या काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या घरांत माणसांच्या पापण्या विलक्षण लांब वाढत, आणि त्यांच्यातही दोष याच जनुकात निघाला. 'थांब' म्हणणारा गप्प बसला की केस पुढे जातो. म्हणजे इतरांच्या बाबतीत कोणीतरी 'थांब' म्हणत असतो. नैसर्गिक मर्यादेचा यापेक्षा सरळ दाखला मला ठाऊक नाही.

यावर प्रतिपक्ष विक्रमांची वही उघडतो, आणि उघडावीच. चीनच्या शिये छ्यूपिंग या बाईंनी १९७३ साली, तेराव्या वर्षी, केस कापणं बंद केलं. ८ मे २००४ रोजी मोजले तेव्हा ते ५.६२७ मीटर भरले. 'हे घ्या, कुठे आहे तुमची हद्द?' असा सवाल येतो. मी उलट ३१ वर्षांनी भागाकार करतो. वर्षाला सुमारे १८ सेंटीमीटर येतात. म्हणजे त्यांचा केस आपल्यापेक्षा थोडा वेगाने वाढला, पण चमत्कार वाटावा इतका नव्हे. तो थांबला नाही, एवढंच वेगळं घडलं. आता दुसरी नोंद. प्रयागराजच्या स्मिता श्रीवास्तव यांनी चौदाव्या वर्षापासून केस वाढवले. सेहेचाळिसाव्या वर्षी, २०२३ मध्ये, गिनेसने त्यांचा विक्रम जाहीर केला : २३६.२२ सेंटीमीटर. दोघींचीही कात्रीविना वर्षं जवळपास सारखी, एकतीस आणि बत्तीस. लांबी मात्र एकीची दुसरीच्या निम्म्याहूनही कमी. न कापल्याने केस अखंड वाढत असता तर इतका फरक पडला नसता. नेहमीच्या वेगाने स्मिताबाईंचे केस पंधरा-सोळा वर्षांत त्या लांबीला पोचले असावेत आणि मग रेंगाळले. विक्रमाची वही हद्द नसल्याचं सांगत नाही. एकेकाची हद्द किती दूर असू शकते, एवढं सांगते.

आणि विक्रमवीरांनाच का विचारावं? आपल्या नांदेडला या. सचखंड गुरुद्वाऱ्यात येणाऱ्या शीख भाविकांत जन्मापासून केसाला कात्री न लावलेले हजारो असतात. अखंड वाढीचा सिद्धान्त खरा असता तर साठीच्या सरदारजींना पगडीखाली नऊ मीटर केस बसवावे लागले असते. बसवावे लागत नाहीत.

अखंड वाढणारी वस्तू कशी दिसते हे पाहायचं तर पुण्याच्या श्रीधर चिल्लाल यांची नखं आठवा. १९५२ पासून डाव्या हाताची नखं त्यांनी कापली नाहीत. २०१८ मध्ये कापली तेव्हा पाचांची मिळून लांबी ९०९.६ सेंटीमीटर होती. नखाच्या मुळाला थांबण्याचा हुकूम नाही. कापलं नाही तर वाढतच जातं, हे वाक्य नखाला शोभतं. लोकांनी ते उचलून केसाला लावलं.

तळोदा-शहाद्याकडचा कोणी म्हणेल, अश्वत्थाम्याचं काय? धनत्रयोदशीच्या सुमारास अस्तंब्याच्या डोंगरावर चढणाऱ्यांना तो वाटेत भेटतो, जखमेसाठी तेल मागतो, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. पाच हजार वर्षं धरा, वर्षाला पंधरा सेंटीमीटर धरा. साडेसातशे मीटर होतात. अस्तंब्याची उंची १३२५ मीटर. निम्म्याहून अधिक उंची त्याच्या केसांनीच भरून निघाली असती, आणि यात्रेकरूंना वाट शोधायला मशाली लागल्या नसत्या, केस धरून चढले असते. कथेतला अश्वत्थामासुद्धा तेल मागतो ते कपाळासाठी, केसांसाठी मागत नाही.

थट्टा पुरे, कारण पुढचा आक्षेप खरोखर वजनदार आहे : जटा. प्रकाश्याच्या घाटावर साधू येतात, त्यांच्या जटा गुडघ्याखाली आलेल्या आपण डोळ्यांनी पाहतो. मग मुदत कुठे गेली? मुदत तिथेच आहे. डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात आणि रोज पन्नास ते शंभर गळतात. विंचरणाऱ्याचे फणीत येतात. न विंचरणाऱ्याचे गळूनही जात नाहीत, शेजारच्या जिवंत केसात अडकून राहतात. रोज पन्नास धरले तरी वीस वर्षांत साडेतीन लाखांवर केस झाले. तीन डोक्यांचे मेलेले केस एका डोक्यावर. जिवंत केस वाढताना या गुंत्याला खाली ढकलतो, वरून नवे केस त्यात अडकत जातात आणि दोर लांबतो. कापसाच्या मुलखात हे समजावून सांगायची गरज पडू नये. कापसाचा तंतू जेमतेम इंच-सव्वा इंचाचा, सूत मात्र मैलभर निघतं. सुताच्या लांबीवरून तंतूची लांबी कोणी काढत नाही.

आणि इथे हा वाद करमणुकीचा राहत नाही. बाईच्या डोक्यात जट झाली की देवीचं बोलावणं आलं, असं म्हणून तिला मानेला ओढ देणारं ते ओझं वर्षानुवर्षं वागवायला लावतात. कापली तर कोप होईल, ही भीती घालतात. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्या घरोघर जाऊन, तासन्‌तास समजूत घालून अशा जटा कापतात. 'बघा, वाढतेच आहे, माणसाचा केस इतका वाढेल का?' हा युक्तिवाद त्यांना हटकून ऐकावा लागतो. उत्तर वर दिलं आहे. वाढते ती गळलेल्या केसांची रास, आणि तिच्यात मळ, घाम नि उवाही असतात.

तिसरा आक्षेप मात्र मी निम्मा मान्य करतो. केस थांबत नाहीत, तुटतात. टोकाला फाटे फुटतात आणि लांबी तिथल्या तिथे राहते, असं काहीजण म्हणतात. पुष्कळ वेण्यांच्या बाबतीत हे खरं आहे. विहिरीचं जड पाणी, उन्हातलं काम, रबराने करकचून बांधलेला अंबाडा, यांनी केस मुदतीआधीच संपतो. तेलाचा उपयोग असेल तर इथे : तेलाने केस तुटायचा वाचतो. मुदत वाढत नाही. तीच गत जावळ काढण्याची आणि टोकं छाटण्याची. मुळाला वर काय कापलं याची खबरच पोचत नाही. पण तुटणं हे सगळ्याचं कारण असतं, तर गळलेल्या प्रत्येक केसाचं टोक तुटकं निघालं असतं. तसं नसतं.

उरले ते दैववादी : हद्द ठरलेली आहे ना, मग काय करणार? हेही मला पटत नाही. मुदत पत्रिकेत लिहिलेली नसते, ती शरीर रोज वागवतं आणि अडचण आली की कमी करतं. गरोदरपणात केस दाट होतात, कारण मुळं वाढीच्या काळात रेंगाळतात; बाळंतपणानंतर तीनेक महिन्यांनी ती एकदम विश्रांतीला गेल्याचं फळ दिसतं. बाळ ओळखायला लागलं की आईचे केस जातात, असं आयाबाया म्हणतात. निरीक्षण अचूक, बाळ मात्र निर्दोष. टायफॉइडनंतर हेच होतं, रक्त कमी असलं की हेच होतं. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात, जिथे कुपोषण आणि रक्तक्षय ही जुनी दुखणी आहेत, तिथे आश्रमशाळेतल्या मुलीच्या लाल रिबिनीच्या वेण्या पातळ होत असतील तर तिला तेलाची बाटली देण्याआधी तिचं हिमोग्लोबिन तपासावं. 'आळशी आहे, विंचरत नाही' हे तर आधी बंद करावं.

मर्यादा आहे की नाही हे माझ्या शब्दावर घेऊ नका. गुंतवळ 'केसांवर भांडी' म्हणत येणाऱ्या बाईला देण्याआधी खिडकीच्या उजेडात सोडवा. एका टोकाला पांढरट बारीक गाठ असलेला केस निवडा. तो मुळासकट, मुदत भरून गळलेला असतो. दुसरं टोक पाहा. तुटकं किंवा कापलेलं असेल तर टाकून द्या. निमुळतं असेल तर शिंप्याच्या टेपने केस मोजा आणि सेंटीमीटरला पंधराने भागा. जो आकडा येईल, साधारण तितकी वर्षं तो केस तुमच्या डोक्यावर वाढत होता.