शब्दकोड्यातून आलेला शब्द

एक लॅटिन शब्द आपल्या कायद्यात आला तो चक्क शब्दकोड्याच्या भांडणातून. शब्दांचे सदर चालवणाऱ्याला याहून मोठे सुख कोणते?

बंगळुरूहून निघणारे ‘स्पोर्टिंग स्टार’ मुंबई राज्यातही खपत असे. त्यातल्या बक्षिसाच्या शब्दकोड्यांवर मुंबई सरकारने कर बसवला. हा आमचा व्यापार आहे आणि त्याचे स्वातंत्र्य घटनेने दिले आहे, असे चालकांचे म्हणणे. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. सरन्यायाधीश एस. आर. दास यांनी ऋग्वेद आणि महाभारताचे दाखले दिले आणि निवाडा केला : हा जुगार आहे आणि जुगार ‘एक्स्ट्रा कॉमर्शियम’, म्हणजे व्यापाराबाहेरचा.

मूळ शब्द ‘कोमेर्कियुम’. ‘मेर्क्स’ म्हणजे माल, ‘कोम’ म्हणजे एकमेकांशी. पण रोमन कायद्यात तो नुसत्या खरेदीविक्रीचा शब्द नव्हता, हक्काचा होता. रोमन नागरिकाशी रोमन रीतीने सौदा करण्याचा हा हक्क परक्याला दिला तरच मिळे. इ. स. पू. ३३८ मध्ये रोमने लॅटिन शहरांचे बंड मोडले, तेव्हा त्यांतल्या अनेकांचे आपापसातले विवाह, व्यवहार आणि सभा बंद केल्या, असे इतिहासकार लिव्ही सांगतो. आपल्याला हे समजावून सांगावे लागत नाही. ‘रोटीबेटी व्यवहार’ हा शब्द आणि वाळीत टाकणे म्हणजे काय, हे दोन्ही मराठी माणसाला ठाऊक आहे.

माणसांप्रमाणे काही वस्तूही या व्यवहाराबाहेर असत : देऊळ, थडगे, शहराची तटबंदी. स्वतंत्र माणूसही विकता येत नसे. गुलाम मात्र खुशाल विकला जाई. रोमची नीती काही फार थोर नव्हती. पण बाहेर म्हणजे बाहेर. देऊळ कोणालाच विकता येत नसे.

आपल्याकडे या शब्दाने वेगळेच वळण घेतले. जुगार व्यापाराबाहेर, पण महाराष्ट्राची सरकारी लॉटरी १९६९ पासूनची. सरकारी असली तरी लॉटरी हा जुगारच, असे न्यायालयाने १९९९ मध्ये सांगितले, तरी तिकिटे छापली गेलीच. दारू विकणे हा मूलभूत हक्क नाही, असे त्याच न्यायालयाचा १९९४ चा निकाल म्हणतो. दारूचा महसूल मात्र तिजोरीला हवा असतो. आणि २००४ मध्ये महाराष्ट्राची गुटखाबंदी रद्द करताना त्याच न्यायालयाने गुटख्यावर हा शिक्का मारायला नकार दिला.

रोममध्ये बाजाराबाहेरची वस्तू कोणीच विकत नसे. आपल्याकडे ती सरकारी परवान्याने मिळते. म्हणजे शब्द लॅटिन राहिला, अर्थ मात्र ‘तुम्ही विकायचे नाही, आम्ही ठरवू’ एवढाच उरला. बंदी घालायची तर जरूर घाला, पण तिचे कारण सांगा. ते मराठीतही सांगता येते.