वह्यावाटप पुरे, आता पार्सल पाठवा

सुरतेतील मराठी मंडळांना, ज्ञातिसंस्थांना आणि कारखानदार-व्यापारी बंधूंना कळकळीचे आवाहन

जून आला की लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसऱ्यात वह्यावाटपाचे फलक लागतात. अनाथ मुलाला मंचावर बोलावायचे, डझनभर वह्या द्यायच्या, फोटो काढायचा. कोऱ्या वहीने वाचता येत नाही, हे कोणी लक्षातच घेत नाही. आई-वडील गमावलेल्या मुलाला सांभाळणाऱ्या आजी, काका, मावशीला गुजरात सरकार पालक माता-पिता योजनेतून महिना 3,000 रुपये थेट खात्यात देते, मूल 18 वर्षांचे होईपर्यंत. त्यासाठी दरवर्षी शाळेचा दाखला लागतो. मूल शाळेत आहे एवढे दाखल्यावरून कळते, वाचते की नाही ते कळत नाही. 2024 च्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत देशातील पाचवीच्या मुलांपैकी 48.8 टक्केच दुसरीचा उतारा वाचू शकली, आणि भागाकार जमला 30.7 टक्क्यांना. पाहणी ग्रामीण भागाची होती, म्हणून शहरवाल्यांनी निश्चिंत व्हायचे कारण नाही. आपली कितीतरी घरे खानदेशातल्या गावांतूनच इथे आली. आणि ही सरासरी आई-बाप असलेल्या मुलांसकट आहे. जे मूल मधल्या वर्गात घर आणि शाळा दोन्ही बदलून आले, त्याचे काय होत असेल?

यावर उपाय आहे आणि तो आजमावलेला आहे. इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठाच्या रोझ ग्रिफिथ्स यांनी 2003 मध्ये आई-बापांऐवजी दुसऱ्या कुटुंबात (फॉस्टर केअरमध्ये) वाढणाऱ्या मुलांसाठी ‘लेटरबॉक्स क्लब’ सुरू केला: सहा महिने, दरमहा एक पार्सल, त्यात गोष्टीची पुस्तके, गणिताचे खेळ, पेन्सिली, आणि वर मुलाचे स्वतःचे नाव. खरी गोम त्या नावात आहे. शाळेचे पुस्तक परत द्यावे लागते, चुलतभावाचे मागून घ्यावे लागते. हे मात्र त्याचेच.

“सरकार पैसे देते ना?” असे विचारणाऱ्यांनी 3,000 रुपयांत एका मुलाचा महिना काढून दाखवावा. “सगळे मोबाइलवर मिळते,” म्हणणाऱ्यांना एवढेच सांगतो की घरातला एकुलता मोबाइल काकांबरोबर रात्रपाळीला जातो. आजीला वाचता येत नाही, हा आक्षेप जरा विचार करण्यासारखा आहे. पण गोष्ट ऐकायला अक्षरओळख लागत नाही, आणि सापशिडी, फासे, खेळण्यातल्या नोटांचा सुट्टा हिशेब यांत बाजार करणारी आजी नातवाला सहज हरवेल. भाषेचा वाद तर घालूच नका. महापालिकेच्या शाळा मराठी, गुजराती, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू, इंग्रजी अशा सात माध्यमांच्या आहेत; मुलाच्या माध्यमाचीच पुस्तके द्या, सोबत एक मराठी.

आता कामाचे. गणपतीची वर्गणी दारोदार फिरून जमवणारे आपण. प्रत्येक मंडळाने दहा मुलांची सहा महिन्यांची जबाबदारी घेणे अवघड नाही. मुलांपर्यंत जिल्हा बाल सुरक्षा एकम या सरकारी बालसंरक्षण कार्यालयाच्या संमतीनेच जा, परस्पर याद्या करू नका. मूल इयत्तेने कुठे आहे यापेक्षा वाचनात कुठे आहे ते शिक्षकांना विचारा; सातवीतल्याला तिसरीचे पुस्तक लागले तर तेच द्या, पण बाळबोध चित्रांचे नको. प्रथम बुक्स, ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्ट यांच्या याद्या पाहा. रद्दीतली फाटकी पुस्तके आणून टाकू नका. पुस्तके टपालाने धाडायची तर मे 2025 पासून ‘ज्ञान पोस्ट’ आहे, 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये आणि पाच किलोपर्यंत 100, कर वेगळा. खेळाचे साहित्य कार्यकर्त्यांनी हाती पोचवावे. आणि फोटो एकही नको. बालन्याय कायद्याचे कलम 74 अशा मुलांची ओळख उघड करू देत नाही. ज्यांना फलकाशिवाय देणगी सुचत नाही, त्यांनी या कामात येऊ नये.