गार अंडे म्हणजे मेलेले अंडे नव्हे

पाऊस लागला की बीड जिल्ह्यातील शिवारांत खुरपणीला वेग येतो. याच दिवसांत बांधालगतच्या झुडपाखाली किंवा उंच गवतात लांडोरीची अंडी दिसतात. आसपास पक्षी नसतो, अंडी हाताला गार लागतात. टाकून दिली असावीत असे समजून कोणीतरी ती घरी नेतो आणि खुडूक कोंबडीखाली ठेवतो. हेतू चांगला असतो, पण निदान चुकलेले असते.

लांडोर सहसा जमिनीवरच घरटे करते. उथळ खळगा आणि थोडा पालापाचोळा, एवढेच. ती सगळी अंडी एकदम घालत नाही. एक-दोन दिवसांच्या अंतराने साधारण 4 ते 6 अंडी घालते आणि शेवटचे अंडे घालेपर्यंत उबवायला बसत नाही. तोवर अंड्यातला जीव वाढ थांबवून वाट पाहत असतो. ऊब मिळाली की सर्व अंड्यांत वाढ जवळपास एकदमच सुरू होते आणि सुमारे 28 दिवसांनी पिल्ले बरोबरच बाहेर येतात.

हे बरोबर येणे महत्त्वाचे आहे. चिमणीचे पिल्लू उघडेबोडके आणि मिटल्या डोळ्यांचे असते, ते दोन आठवडे घरट्यात राहते. लांडोरीचे पिल्लू अंगावर लव आणि उघडे डोळे घेऊनच जन्मते आणि लवकरच आईमागे चालू लागते. जे मागे राहील ते मुंगसाच्या किंवा कुत्र्याच्या तोंडी जाते. उबवणे आणि सांभाळणे सारे एकटी लांडोर करते. मोर त्यात वाटा उचलत नाही.

कोंबडीखाली पिल्लू निघालेच, तर कोंबड्यांचा राणीखेत रोग त्यालाही होऊ शकतो. माणसाला सरावलेल्या पिल्लाची भीती मरते आणि भीती हेच रानात त्याचे संरक्षण असते.

पाटोदा तालुक्यात नायगाव येथे 1994 मध्ये मयूर अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे 30 चौरस किलोमीटर आहे. मात्र लांडोरीला अभयारण्याची हद्द कळत नाही. ती शेताच्या बांधावरही अंडी घालते. त्यामुळे तिच्या पिल्लांचे भवितव्य वनरक्षकाइतकेच शेतकऱ्याच्या हाती आहे.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार वन्य पक्ष्याची अंडी उचलणे किंवा घरट्याला उपद्रव देणे हा गुन्हा आहे. पण कायद्याच्या धाकापेक्षा साधी काळजी अधिक उपयोगी पडेल. घरटे दिसले तर हात न लावता मागे फिरावे. तेवढा तुकडा महिनाभर खुरपू नये, तिथे फवारणी करू नये, कुत्रे बांधून ठेवावे. औषध चोळलेले बियाणे पेरताना उघड्यावर सांडू देऊ नये. ते टिपून मोरांना विषबाधा होते. जखमी पक्षी आढळल्यास वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे.

रुग्ण गप्प पडला आहे म्हणून कोणी त्याला मृत ठरवत नाही. गार अंड्यालाही तेवढी संधी मिळायला हवी.