पेरावं तसं उगवतं?

‘पेरावं तसं उगवतं’ हे माणसाच्या वागण्यापुरतं ठीक आहे. पण पीक बुडालेल्या शेतकऱ्याच्या तोंडावर कुणी ही म्हण फेकली, की माझं डोकं फिरतं. अहो, सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याला उगवणीची अटच किमान 70 टक्के! म्हणजे शंभरातले तीस दाणे वाया गेले तरी पिशवी कायद्यानं चोख. वर पेरणी झाल्यावर पावसानं दडी मारली, की दुबार पेरणी. यात पेरणाऱ्याचा गुन्हा काय? जुनी माणसं शहाणी. ‘पडतील स्वाती, तर पिकतील मोती’ म्हणायची. त्या ‘तर’मध्येच सगळी शेती आली. शेतकऱ्याला शहाणपण शिकवण्याआधी तेवढा ‘तर’ ध्यानात घ्या.