वेब्लीची नक्कल आणि उसनी आठवण

पवनीच्या माणसाला ‘जुनं’ म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. गावाला किल्ल्याचा तट आहे, आणि १९६९-७० च्या उत्खननात जगन्नाथ टेकडीतून दोन हजार वर्षांपूर्वीचा स्तूप निघाला. म्हणून निदान इथल्या पोरांनी तरी बंदूकवाल्यांच्या ‘क्लासिक’ या शब्दाला भुलू नये.

२०२० मध्ये वेब्ली अँड स्कॉट या इंग्लिश कंपनीने उत्तर प्रदेशात संडीला इथे .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर बनवणार असल्याचं जाहीर केलं आणि हौशी मंडळी हरखली. पण १८८७ मध्ये ब्रिटिश फौजेने घेतलेलं वेब्ली .४५५ चं होतं. .४५५ आणि .३८० ही बोअर आपल्याकडे सामान्य परवान्यावर मिळत नाहीत, म्हणून इथलं वेब्ली .३२ चं. म्हणजे नाव तेच, घडण तीच, गोळी मात्र वेगळी. त्यात नवलही नाही. कानपूरचा सरकारी कारखाना वेब्लीच्याच वळणाची .३२ रिव्हॉल्व्हरं कधीपासून बनवतोय. त्यातलंच ‘निर्भीक’ २०१४ मध्ये आलं, किंमत १,२२,३६० रुपये.

आणि ही आठवण तरी कुणाची? १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना परवान्याशिवाय शस्त्र बाळगायला बंदी केली, गोऱ्यांना मात्र सूट दिली. वेब्ली साहेबाच्या कमरेला होतं. आपल्याकडचं पिस्तूल आठवायचंच तर २१ डिसेंबर १९०९ चं आठवा. नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलेलं ब्राउनिंग लंडनहून लपवून आणलेलं होतं. ते कुणी हौस म्हणून घेतलं नव्हतं.

वेब्ली चालवण्यात मजा आहे, हे मान्य. मधून मोडलं की रिकाम्या पुंगळ्या एकदम बाहेर पडतात. ती युक्ती आजही सुंदर वाटते. पण ती मजा नेमबाजीच्या रेंजवरची. घेणारे बहुतेक जण मात्र ते कपाटात ठेवतात, लग्नात कमरेला लावतात आणि फोटो टाकतात. वरातीत बेफिकीर गोळीबार करून कुणाचा जीव धोक्यात घातला, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वयाची एकवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत तर साधा परवानाही मिळत नाही.

नेम शिकायचा असेल तर ४.५ मिलिमीटरचं एअर पिस्तूल घ्या. ताकद २० जूलच्या आत असेल तर परवाना लागत नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण जिंकलं, ते सरावाच्या जोरावर. पिस्तुलावर कुठल्या जुन्या कंपनीचा छाप आहे, हे तिथे कुणी विचारत नाही.

साहेबाच्या आठवणीसाठी लाखभर रुपये मोजणारा वारसा जपत नाही. तो फक्त रुबाब विकत घेतो, आणि तोही उसना.