कुपीतल्या पावडरीचा कस

27 जून 2025 च्या रात्री मुंबईत अभिनेत्री शेफाली जरीवाला गेली. वय अवघं 42. वय रोखण्याच्या औषधांच्या बातम्या आल्या आणि ग्लुटाथायोन हे नाव घरोघरी पोचलं. मृत्यूशी त्याचा संबंध जोडायची घाई आपण नको करायला. पण गोरेपणाच्या त्या इंजेक्शनांपाठोपाठ आता स्मरणशक्ती, चिंता आणि म्हातारपणावरच्या 'पेप्टाइडां'चीही चर्चा मोबाइलवर सुरू झालीये, तिकडे मात्र बघायला हवं.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटीशी माळ. ग्लुटाथायोन तीन मण्यांची. ती आपलं शरीर स्वतःच बनवतं. सासूबाईंचं इन्सुलिन हीसुद्धा 51 मण्यांची माळच! तेव्हा पेप्टाइड म्हटलं की वाईट, असं मुळीच नाही.

चर्चेतली तीन नावं रशियातली. सेमॅक्स आणि सेलँक सात-सात मण्यांची, नाकात थेंब टाकून घ्यायची. सेमॅक्स तिकडे पक्षाघातानंतर देतात, सेलँक चिंतेवर. माणसांवर अभ्यास झालेत, पण लहान आणि बहुतेक रशियातच. तिसरं एपिटालॉन, चार मण्यांचं. तारुण्य टिकवण्याचा गाजावाजा याचाच जास्त आणि पुरावा याचाच सगळ्यात कच्चा: पेशी, उंदीर आणि मुख्यतः सेंट पीटर्सबर्गच्या एकाच गटाचं काम. अमेरिकेत तिन्हींपैकी एकालाही औषध म्हणून मान्यता नाही. आपल्याकडे नवं औषध विकायला केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी लागते. म्हणून कुपीवर बारीक अक्षरांत 'फक्त संशोधनासाठी' छापायचं, ही पळवाट.

विट्याच्या बायकांना खरं तर हे सांगायला नको. आपले गलाईवाले देशभर सोनं आटवतात. लगडीवर काहीही लिहिलेलं असो, कस पाहिल्याशिवाय भाव सांगत नाहीत. मग शिरेत जाणाऱ्या पावडरीचा कस कोण पाहणार?

चाळिशीनंतर विसरायला होतं, रात्री छातीत धडधडतं, हे खोटं नाही. घरात सांगावं तर 'वय झालं' म्हणून विषय संपतो. जाहिरात मात्र तीच तक्रार मन लावून ऐकते, तिथंच आपण फसतो. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-12 यांच्या तपासण्या गावातही होतात. पाळी जाण्याच्या दिवसांत झोप उडते, तेही डॉक्टरांना सांगता येतं, लाजायचं कशाला? आणि तरीही कुणी कुपी पुढे केलीच, तर पाकिटावरचा उत्पादन परवान्याचा नंबर बघा आणि पक्कं बिल मागा.